आईचं ताट

साइलाने निर्जंतुक पाण्यात भिजवलेल्या बोळ्याने स्तनाग्र पुसलं, पहिले थेंब फडक्यावर पिळून टाकले आणि मगच नमुन्याची नळी हातात घेतली. हातमोज्यांमुळे बोटांना नीट पकड मिळत नव्हती. तिचा नवरा तुओमो समोर स्टुलावर बसून नळीकडे बघत होता. दूध थेंबाथेंबाने येत होतं.

"मागच्या वेळी लवकर भरली होती," तो म्हणाला.

"मागच्या वेळी मी जेवत होते."

तो हसला. ती थट्टा करतेय असं त्याला वाटलं. नळी भरल्यावर त्याने बूच घट्ट बसवलं, ती बर्फाच्या पेटीत उभी ठेवली आणि गाडीची किल्ली घेऊन निघाला. त्यांच्या राउमापासून विद्यापीठाच्या तुर्कू शहरापर्यंत रस्ता बर्फाने भरलेला होता, पण नमुने टपालाने पाठवणं त्याला पटत नसे. वाटेत पेटी कुणी उन्हात ठेवली तर, असं तो म्हणायचा. महिना फेब्रुवारीचा होता.

आईचं खाणंपिणं, तिचं आजारपण, तिने घेतलेली औषधं यांचा दुधातल्या जिवाणूंशी काय संबंध असतो, हे विद्यापीठातले लोक तपासत होते. साइला गरोदर असताना दवाखान्यातल्या परिचारिकेने तिला त्यात भाग घेशील का म्हणून विचारलं होतं. परिचारिका स्वभावाने गोड होती, म्हणून साइलाने हो म्हटलं. आईच्या दुधात जिवाणू असतात, ते बाळाच्या पोटात जाऊन तिथे वस्ती करतात, हे तिला तेव्हा पहिल्यांदाच कळलं. ऐकलं आणि ती विसरून गेली. तुओमो विसरला नाही.

तो जहाजांच्या इंजिनखोलीतल्या नळांचे आराखडे काढायचा. पाणी गळतंय म्हणजे कुठला तरी सांधा सैल आहे, आणि शोधला की तो सापडतोच, हा त्याचा रोजचा अनुभव होता. त्यांची मुलगी हिल्ला सिझेरियनने जन्मली. तेव्हा साइलाला जंतूंवरची औषधं द्यावी लागली. पुढे महिन्याभरात तिचा एक स्तन दगडासारखा झाला, ताप चढला, पुन्हा तीच औषधं. त्यानंतर थोड्याच दिवसांत हिल्लाच्या गालांवर पुरळ उठलं. कोपरांच्या, गुडघ्यांच्या घड्यांत ते ओलं राहायचं, आणि पोर झोपेतही गाल उशीला घासायची. तुओमोला सांधा सापडला.

डॉक्टरांनी मलम दिलं होतं. बऱ्याच मुलांचं हे वाढत्या वयात आपोआप जातं, म्हणाले. हवं तर थोडे आठवडे आईच्या खाण्यातले दुधाचे पदार्थ बंद करून बघा, फरक पडला नाही तर पुन्हा सुरू करा. फरक पडला नाही. साइलाने ब्रेडला लोणी लावायला घेतलं, तेव्हा तुओमोने सुरी तिच्या हातातून हलकेच काढून घेतली.

"आपण अजून थोडं थांबू या."

मग आपण अंडी सोडली. आपण गहू सोडला, मासे सोडले, सोया आणि साखर सोडली. तुओमो कधीच 'तू' म्हणायचा नाही, 'आपण' म्हणायचा. तो घरात तिच्यासमोर तिच्यासारखंच जेवायचा, उकडलेले बटाटे, सलगम, भात, कधी डुकराच्या मांसाचा बेचव तुकडा. आणि कामावरून आल्यावर तिला जवळ घ्यायचा, तेव्हा त्याच्या कोटाला तळलेल्या खिमा-पावाचा आणि मोहरीचा वास यायचा. गाडीत बसून, काचा खाली करून तो खात असणार. तिला मोह होऊ नये म्हणूनच. साइला त्या वासात तोंड खुपसून जरा जास्तच वेळ उभी राहायची, आणि आपली बायको किती प्रेमळ आहे असं त्याला वाटायचं.

संध्याकाळी तो विचारायचा, आज काय काय खाल्लं. आवाज मऊ असायचा. ती सांगायची. एखाद्या दिवशी हिल्लाचे गाल जास्त लाल दिसले, तर तो पुन्हा विचारायचा, नक्की ना?

नमुन्यांचं काय झालं ते कळायला मार्च उजाडला. संशोधन बघणाऱ्या डॉक्टर लिंड्रूसबाईंनी स्वतः फोन केला, तुओमोने विद्यापीठात तीनदा विचारणा केल्यावर. त्याने फोन टेबलावर मधोमध ठेवला, दोघांना ऐकू येईल असा. बाई जपून बोलत होत्या. आम्ही शेकडो आयांचं एकत्र बघतो, म्हणाल्या, एकटीदुकटीचं सांगत नाही. आईच्या खाण्याने थोडं काही बदलत असेल, बाळंतपण कसं झालं त्याने बदलतं, औषधांनी बदलतं, पिताना बाळाच्या तोंडातून उलट आत जातं त्यानेही बदलतं. कुठलं किती, ते अजून आम्हालाच नीट कळलेलं नाही.

"पण आमच्या दोन नमुन्यांत फरक काय?" तुओमोने विचारलं. "आहार बदलण्याआधीचा आणि नंतरचा."

"सांगण्यासारखा काही नाही. खरं म्हणजे डाव्या-उजव्या बाजूंत जितका फरक दिसतो, तितकाही नाही." बाई थांबल्या. "साइला, तुमचं वजन किती आहे आता?"

"तिची तब्येत ठीक आहे," तुओमो म्हणाला. "म्हणजे एवढे दिवस पुरे पडले नाहीत. अजून चालू ठेवायला हवं."

बाई म्हणाल्या, मी असं म्हटलेलं नाही. तुओमोने त्यांचे आभार मानले. साइला टेबलाच्या कडेला चिकटलेला भाताचा सुकलेला कण नखाने खरवडत बसली.

त्याच महिन्यात तिचे आजोबा गेले. तुओमोला तापाची कणकण होती, म्हणून ती हिल्लाला घेऊन एकटीच गावी गेली. दफन झाल्यावर सगळे चर्चच्या सभागृहात कॉफीला बसले. आउने मावशीने तिच्यासमोर बशी आणून ठेवली: राय धान्याच्या पिठाच्या पातळ पारीत भाताचं सारण, वर अंडं कालवलेलं लोणी, शेजारी सॅल्मन माशाचे थर दिलेला केक, साय लावलेला.

साइला म्हणाली, मला चालत नाही. हिल्लासाठी.

मावशीने तिचं मनगट हातात धरलं, अंगठा आणि मधलं बोट एकमेकांना टेकवून दाखवलं, आणि मनगट सोडून दिलं. मग ती दुसऱ्या टेबलाकडे निघून गेली.

साइलाने एक घास घेतला. नंतर ती थांबलीच नाही. तिने सगळं खाल्लं, पुन्हा वाढून घेतलं, बोटाला लागलेलं लोणी चाटलं; कॉफीत दूध घातलं, मग आणखी घातलं. शेजारी बसलेला चुलतभाऊ आजोबांच्या होडीबद्दल बोलत होता आणि ती मान हलवत होती. पोट दुखायला लागलं तेव्हाच उठली. कोट टांगायच्या खोलीत बसून तिने हिल्लाला पाजलं. परतीच्या वाटेवर प्रत्येक सिग्नलला ती मागे वळून पोरीचे गाल बघत होती.

काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्यानंतरही नाही. आणि आठवडा संपता संपता गुडघ्यांच्या घड्या कोरड्या पडायला लागल्या. मग कोपरं. एप्रिल संपला तेव्हा हिल्लाच्या गालांवर फक्त थोडा खरबरीतपणा उरला होता, आणि ती रात्रभर शांत झोपायला लागली होती.

तुओमोने खिडकीच्या उजेडात पोरीचं तोंड इकडे-तिकडे वळवून पाहिलं. मग तो खाली बसला आणि साइलाच्या मांडीवर डोकं ठेवून रडला. लग्नानंतर तिने त्याला रडताना पाहिलं नव्हतं.

"तू करून दाखवलंस," तो म्हणाला.

कित्येक महिन्यांनी तो 'तू' म्हणाला होता. साइलाच्या तोंडाशी आलेलं तोंडातच राहिलं. आज नको, उद्या सांगू, असं तिने ठरवलं. दुसऱ्या दिवशी त्याने आपल्या आईला फोनवर सगळं सांगितलं, तिसऱ्या दिवशी कामावरच्या लोकांना. मग सांगायची वेळ टळून गेली, आणि ती बटाटे आणि सलगम खात राहिली. तुओमोच्या हौसेखातर तिसरा नमुनाही दिला गेला. डॉक्टर बाईंनी तो मागितला नव्हता.

मे महिन्यात शेजारच्या गावातल्या चर्चच्या सभागृहात, दर आठवड्याला लहान मुलांचे आईबाप कॉफीला जमायचे तिथे, तुओमोला बोलायला बोलावलं. तो चांगला बोलला. बढाई मारली नाही. आईचं ताट म्हणजेच बाळाचं पोट, असं म्हणाला. दुधातल्या चांगल्या जिवाणूंची वस्ती औषधांनी उठते आणि ती पुन्हा बसवायला धीर लागतो, म्हणाला. माझ्या बायकोने तो धीर धरला. लोकांनी मागे वळून साइलाकडे पाहिलं. ती शेवटच्या ओळीत बसली होती. हिल्ला तिच्या मांडीवर चमचा चावत होती.

शेजारच्या बाईने तिच्याकडे बघून नुसत्या ओठांनी 'कमाल आहेस' म्हटलं. तिचं नाव मिर्का. बाळांच्या पोहण्याच्या वर्गात तुओमोशी तिची ओळख झाली होती, आणि त्याच्या सांगण्यावरून तिने दूध, अंडी, गहू सोडलं होतं. तिच्या मुलाच्या हातांवर पायमोजे चढवलेले होते, ओरबाडू नये म्हणून. गालांवर तरी ओरखडे होतेच. मिर्काच्या गळ्याची हाडं स्वेटरच्या वर आली होती.

लोक कॉफीला उठले तेव्हा ती हळू आवाजात सांगायला लागली. तिलाही दोनदा स्तनात गाठ होऊन ताप आला होता. औषधं घेतली, तेव्हापासूनच बिघडलं. माझ्यामुळेच झालंय सगळं. आता या सोमवारपासून मासेही सोडते.

साइलाने तुओमोकडे पाहिलं. तो लांब, कॉफीच्या टेबलापाशी कुणाशी तरी बोलत होता.

"मी खाल्लं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"सगळं. आजोबांच्या दफनाला. लोणी, अंडी, मासे, साय. पोट दुखेपर्यंत खाल्लं. पुरळ त्यानंतर गेलं."

मिर्का तिच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काही दिसेल, अशी साइला वाट बघत होती.

"हे मला कशाला सांगतेस?"

"तू जेवावंस म्हणून."

"आणि जेवले, आणि तरी याचं गेलं नाही, तर?" मिर्काने मुलाचा सैल झालेला मोजा वर ओढला. "तेव्हा मी काय करू? आत्ता निदान काहीतरी करतेय."

"मलम लाव. वाट बघ."

"तुला काय जातंय सांगायला? तुझी बरी झालीय."

ती मुलाला घेऊन उठली. साइलाला वाटलं दाराकडे जाईल, पण ती कॉफीच्या टेबलाकडे गेली, आणि गर्दीतून वाट काढत तुओमोच्या पुढ्यात उभी राहिली. ती काय बोलली ते ऐकू आलं नाही. तुओमोने कप खाली ठेवला. मग खोलीच्या त्या टोकावरून त्याने साइलाकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. घरातला नळ गळायला लागला की तो खाली वाकून असाच बघायचा.

तिघं गाडीने घराकडे निघाले. गाव मागे पडलं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्च झाडांना कोवळी पानं फुटलेली होती.

"किती खाल्लंस?" त्याने विचारलं.

"होतं तेवढं."

त्याने मान हलवली. पुढचं वळण येईपर्यंत तो हिशेब मांडत होता, हे तिला त्याच्या जबड्यावरून कळत होतं.

"म्हणजे ते खाल्लं नसतंस, तर आणखी लवकर बरी झाली असती."

तो आणखी काही म्हणेल का, याची साइला वाट बघत होती. तो म्हणालाही.

"तिसरा नमुना आपण त्यानंतर दिला. लिंड्रूसबाईंना कळवायला हवं."

पुढे पेट्रोल पंपाची पाटी दिसली.

"इथे थांब," ती म्हणाली. त्याला वाटलं, तिला बाथरूमला जायचंय. त्याने गाडी आत घेतली.

गुरुवार होता, म्हणजे देशभरातल्यासारखंच पंपाच्या उपाहारगृहातही वाटाण्याचं सूप आणि भट्टीतला पॅनकेक. साइलाने ट्रे घेतला, वाडगा काठोकाठ भरला, राय धान्याच्या पावाचे दोन काप घेतले, लोणी घेतलं, पॅनकेकवर मुरंबा आणि साय घेतली, आणि खिडकीशी जाऊन बसली. एक म्हातारा पलीकडे वर्तमानपत्र वाचत होता. तिने सुपात मोहरी ढवळली आणि खायला सुरुवात केली.

काचेपलीकडे तुओमो थोडा वेळ गाडीत बसून होता. मग उतरला, मागचं दार उघडून त्याने हिल्लाला बाहेर काढलं आणि तो पंपाच्या आवारात तिला घेऊन येरझाऱ्या घालायला लागला. पोरीचं तोंड उघडं होतं, डोळे मिटलेले. काचेतून रडण्याचा आवाज येत नव्हता. तरी साइलाच्या छातीत कळ आली, दोन्हीकडे एकदम, आणि ब्लाउज ओला होत चालल्याचं तिला जाणवलं.

तुओमो खिडकीसमोर येऊन उभा राहिला. त्याने हिल्लाला जरा वर उचललं, साइलाला दिसेल असं.

साइलाने पाहिलं. स्वेटरची दोन्ही टोकं पुढे ओढून तिने बटणं लावली, उरलेल्या पावाने वाडगा पुसून घेतला आणि काउंटरवरच्या बाईला विचारलं, पुन्हा घेतलं तर चालतं का.

"हवं तेवढं घ्या," बाई म्हणाली. "पातेलं भरलेलं आहे."

साइला वाडगा घेऊन उठली.