विष पिणारे ओठ

मांस कापायच्या शेडमध्ये सुट्टीचा भोंगा वाजला की माणसं डबे सोडून मोरीकडे धावायची. तिथे उलट्या क्रेटवर बाबा बसलेले. सुरी लागलेल्याने हात पुढे करायचा; बाबा जखमेला ओठ लावणार, चोखणार, पचकन थुंकणार आणि डोळे फिरवून गर्जणार, "तुझं विष मी प्यालो! मला काय झालं? बघा!"

बाबांना खरंच काही होत नव्हतं. एवढ्याच भांडवलावर अख्खी शेड त्यांच्या पायाशी लोळत होती.

ताई तिथली जुनी कापणारी. धाकट्या भावाला तिनेच कामाला चिकटवलं होतं. महिना व्हायच्या आत त्याचा अंगठा कापला, तेव्हा तिने त्याला मानगुटीला धरून बाबांपुढे बसवलं.

"ताई, हा दात तरी घासतो का गं?" पोरगा हसला.

"गप! माझा हात यांनीच बरा केलाय. एकदा नाही, चारदा."

दुसऱ्या दिवशी हात कोपरापर्यंत सुजला. अंग भट्टीसारखं. चादर लागली तरी पोरगा किंचाळे. ताई बाबांकडे पळाली.

"जुने तरतात, नवे जातात," बाबा म्हणाले. "जुन्यांची श्रद्धा मुरलेली, याची कच्ची. हसला ना मला? आण परत."

तिने आणला. परत ओठ लागले. त्यात दिवस गेला. दवाखान्यात पोचेपर्यंत कातडी काळी पडत होती. डॉक्टरीणबाईंनी हात खांद्यापासून काढला, तरी पोरगा गेला.

ताईकडून सगळं ऐकून बाई मग शेडमध्येच आल्या. "बाबा, एवढं विष प्यालात, साठलंय कुठे? आ करा बघू."

लोक हसले. बाबांनी ऐटीत जबडा वासला. बाईंनी घशात कापसाची काडी फिरवली आणि निघून गेल्या. परत आल्या त्या निकाल घेऊनच. पोराच्या हातात सापडलेला जंतू बाबांच्या घशात सुखाने नांदत होता.

"मग बाबांना कसं काही होत नाही?" मुकादमाने विचारलं.

"होऊन गेलंय म्हणून! घसा धरला, पुळ्या आल्या, बरे झाले. दर खेपेला रक्तात या जंतूला अडवणारी प्रतिपिंडं तयार झाली. तुम्हा जुन्यांचंही तेच. रोज सुरी लागते, पहारा तयार होतो. पोराच्या रक्तात तो पहारा जवळजवळ नव्हताच, आम्ही तपासलं. म्हणून तुम्हाला पुळी आणि त्याला मरण. आणि जुन्यांनो, छाती फुगवू नका. पहारा ढिलाही पडतो."

"प्रयोगशाळेत देव दिसतो काय?" बाबा ओरडले.

"देव राहू दे," ताई म्हणाली. "माझा भाऊ दाखव."

बोटाला चिंधी बांधलेली एक नवी मुलगी अजून बाबांच्या रांगेत उभीच होती. ताईने तिला ओढत नळाखाली नेलं, साबणाने जखम धुतली, वर स्वच्छ पट्टी बांधली. मुलगी रडत होती. बाबांचा कोप होईल म्हणून.

बाबा आता पलीकडच्या शेडमध्ये बसतात. गर्दी आहे.

म्हणून सांगतो. जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवा. सूज चढली, ताप आला, जखमेच्या मानाने दुखणं भलतंच वाटलं, तर वाट बघू नका, तडक दवाखाना गाठा. आणि 'मला काही होत नाही' असं मिरवणारा भेटला, तर त्याला तोंडावर विचारा, तुझ्यामुळे दुसऱ्याचं काय होतं?