न सुकणारा हार

शिरूर तालुक्यातल्या मोरदऱ्यात मोराला कुणी खडा मारायचं नाही, हा जुना रिवाज. मोर चावडीपुढं कोंबड्यांसारखे हिंडायचे. पासष्ट सालच्या उन्हाळ्यात तिथंच पंधरवड्यात दोन मोर मेले, आणि गावानं फार डोकं न शिणवता मीरासाहेब मुलाण्याकडं बोट दाखवलं.

का? तर सुरी त्याच्या घरात! जत्रेचं बकरं असो की लग्नाचं, सुरी मीरासाहेबानंच फिरवायची. त्याशिवाय पाटलाच्या पंगतीत कुणी घासाला हात लावत नसे. पाच पिढ्यांचा मान, तोच आता अंगाशी आला. खायला मारले असते तर मोर चावडीपुढं अख्खे टाकले असते का, एवढं साधं एकाच्याही टाळक्यात शिरेना.

"आठ दिसांत काय ते खरं दाखवा," सरपंच बापूसाहेब म्हणाले, "न्हाईतर औंदा जत्रंला दुसऱ्या गावचा मुलाणी आणू."

मीरासाहेबाला घास गोड लागेना. बायको हमीदा म्हणाली, "अवो, तुम्ही तोंड उघडून सांगत का न्हाई?" त्यानं ताट बाजूला सारलं.

बापूसाहेब तसे काटकसरी माणूस. दर सत्काराला ताजी फुलं कोण आणणार? म्हणून त्यांनी पुण्याहून प्लास्टिकचा एकच हार आणला होता, गुलाबी फुलांचा, मधे पिवळे मणी. धुतला की नवा. तहसीलदार आले, त्यांना घातला. सरकारी वळू आला, त्यालाही घातला. पाहुण्यानं चुकून हार घरी नेऊ नये म्हणून शिपाई गेणबा जीपपर्यंत मागोमाग जायचा. एरवी हार चावडीच्या ओसरीवर खिळ्याला लोंबायचा, उन्हानं कडक व्हायचा.

सातव्या दिवशी सकाळी तिसरा मोर चावडीपुढं पडला. मीरासाहेब अनवाणी धावत आला आणि मोराशेजारी बसकण मारून म्हणाला, "सगळ्यांदेखत ह्याचं पोट फोडतो. इख निघालं तर मला फौजदाराच्या हवाली करा."

"मोराला सुरी?" गर्दीतली सरूबाई ओरडली.

"मेलाय गं बाई तो!" मीरासाहेबाचा आवाज फाटला. बापूसाहेबांनी मानेनंच होकार दिला.

हजार बकरी कापलेल्या हातानं त्यानं मोराचं पोट फोडलं. पोटातून दाणा निघाला चिमूटभर. बाकी सगळं गुलाबी, चुरगळलेलं, पाकळ्यांचं; आणि मक्याच्या दाण्यांएवढे पिवळे मणी. लोकांनी पाकळ्यांकडं पाहिलं, मग ओसरीवरच्या खिळ्याकडं. हाराचा नुसता दोरा दिसत होता. मग जो तो एकमेकांची नजर चुकवू लागला.

मीरासाहेबाला रडू कोसळलं. सुटलो, असं त्याला वाटलं. आता हा हार चुलीत जाणार, मोर जगणार, जत्रा आपलीच.

बापूसाहेबांनी घसा खाकरला. "मीरासाहेबांचा काही दोष न्हाई. मोरांनी पंचायतीचा हार खाल्ला. पुण्याहून नवी फुलं, नवे मणी मागवू."

"आन् हारच काढून टाकला तर?" मीरासाहेबानं विचारलं.

"मग सायबाच्या गळ्यात काय घालू, तुमची सुरी?"

सगळे खो खो हसले. मघाचा अवघडलेपणा गेला, म्हणून जरा जास्तच हसले.

"मोरांचं पोट तुमच्याएवढं कुणाला कळतंय?" बापूसाहेब म्हणाले. "सत्काराच्या दिशी मोर हाकायचं काम तुमचं. मान समजा." गेणबानं त्याच्या हातात काठी दिली. जत्रेची सुरी आपल्याकडंच राहिली, ह्या आनंदात मीरासाहेबानं ती काठी घेतली सुद्धा.

पुढच्या आठवड्यात सभापती आले. नव्या हाराचे मणी ओवताना दोनचार अंगणात सांडलेच होते, आणि चार मोर त्यांवर टपले होते. मीरासाहेब जिवाच्या आकांतानं धावत होता. "हाड! हाड! मरशील रं लेका, खाऊ नको!" एका मोराच्या चोचीतला मणी पाडायला त्यानं काठी उगारली, तेवढ्यात जीप थांबली.

सभापती उतरता उतरता थबकले. "अहो, हा कोण? मोरांना काठीनं मारतोय!"

बापूसाहेब हार सावरत पुढं झाले.

"मुलाणी हाय, सायेब," ते हळूच म्हणाले. "आमचं लक्ष हाय त्याच्यावर."