रापणीवरून जिमखान्यात

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे. काथ्याचा, मनगटाएवढा जाड. १९९८ साली हरिश्चंद्र तांडेलांच्या अंगणात मला वळले आणि पाच वर्षे मी मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढली. रापण म्हणजे समुद्रात सोडलेले लांबलचक जाळे. सगळ्या वाडीने मिळून ते किनाऱ्याला ओढायचे. पुढे नायलॉनचे दोर आले. तेव्हा हरिश्चंद्रांच्या मुलीने, दिव्याने, मला तिच्या कॉलेजच्या जिमखान्यात नेले. रस्सीखेचीसाठी!

संघाला आठ मुली हव्या होत्या, सातच जमल्या. आठवी म्हणून दिव्याने वर्गातल्या नम्रताला धरून आणले. धामापूरच्या शेतकऱ्याची ही हुशार मुलगी सहामाहीला रसायनशास्त्रात नापास झाली होती. तेव्हापासून तिला धड झोप नव्हती, घास गिळवत नव्हता. कॉलेजातून नाव काढण्याचा अर्जही तिने लिहून ठेवला होता.

"माका जमाचा नाय गो."

"हय तुका पेपर लिवचो नाय आसा! दोर धर," दिव्या म्हणाली.

नम्रताने नुसत्या हातांनी ओढले आणि ती तोंडावर आपटली.

"हातान नको, पायान ओढ! भात लावताना चिखलात पाय रोवतंस मां, तशे रोव!"

मग रोज संध्याकाळी वाळूत सराव. सुरुवातीला माझ्यावरची तिची पकड सारखी सुटायची. पंधरा दिवसांत ती पकड घट्ट झाली. दमून नम्रता रात्रभर झोपू लागली. दिव्याकडे जेवताना तर दिव्याची आई शेवंती नम्रताला हसून म्हणाली, "चेडवा, चौथो बांगडो! आमका ठेवतलंस मां?"

कुडाळच्या सामन्यात आम्ही हरलो. दिव्याला वाटले, आता ही पोर पुन्हा खचणार. खेळाच्या गुरुप्रसाद सरांनीही हळूच विचारले, "नम्रता, तो अर्ज दिलास का?"

धुळीने माखलेली नम्रता उठून बसली. "नाही सर, देणार नाही. परीक्षेला बसते. पण सराव बंद करू नका हां, उद्या मी साडेपाचला येते."

रसायनशास्त्र तिचे तिलाच शिकावे लागले. मला त्यातले अक्षर कळत नाही. पण तिची झोप आणि भूक परत आणण्यात माझा हात होता, हे मी छाती ठोकून सांगतो. एप्रिलमध्ये ती पास झाली.

मित्रांनो, मला दमट खोलीत कोंडून ठेवू नका, काथ्या कुजतो. आणि मन जड झाले की स्वतःलाही कोंडून घेऊ नका. बाहेर या, घाम गाळा. एकट्याने ओढवत नसेल, तर शेजारच्याला हाक मारा.