झोका न घेणारा बारदाना

पहिली फेरी

मी एक जुना बारदाना आहे. धान भरायचे तागाचे पोते. मित्रांनो, माझी वाक्ये मध्येच – धप् – तुटतील. रागावू नका. मेघा सरावाला आली आहे, आणि मार खाताखाता बोलायची मला आता – धप् – सवय झाली आहे.

आसगावच्या तुलारामकडे मी धान वाहिले. मग उंदराने कुरतडले आणि मी गोठ्यात पडलो. तिथून मला उचलले त्याच्या मुलीने, मेघाने. तिला बॉक्सिंग शिकायचे होते. तिच्या आईने, कौशल्याबाईने, दाभणाने भोक शिवले, कोंडा आणि जुनी लुगडी ठासली. गोठ्यातच मला टांगले.

मेघा मारायची, मी झोका घ्यायचो. जितका लांब झोका, तितकी पोरीची ताकद, असे सगळ्यांनी ठरवून टाकले.

"अवं माय! पार गव्हाणीवर गेलं पोतं!" शेजारची गिरजाबाई ओरडायची.

मीही फुशारायचो.

विश्रांती

भंडाऱ्याला जिल्हा संघाच्या निवड चाचणीत मेघा हरली. तिचे ठोसे लागत होते, पण समोरची मुलगी जरा मागे सरकायची आणि पुन्हा अंगावर यायची.

तुलाराम म्हणाला, "अजून एक चाचणी दे. नाही झालं तं बारदाना खाली."

दुसरी फेरी

भंडाऱ्याचे प्रशिक्षक भुपेंद्र सर तिचा सराव पाहायला घरी आले.

"पोतं ढकलून राहिली तू. मारून नाही राहिली."

"पण सर, झोका तं पाहा किती..."

"झोक्यावर लहान पोरं बसतात, मेघा. ठोसा लागला की पोतं जागीच दुमडलं पाहिजे."

मग सरांनी क्रम सांगितला: मागची टाच वळव. मग कंबर, मग खांदा. हात सगळ्यात शेवटी. मूठ सैल ठेव, लागतानाच आवळ. मनगट सरळ. मारलेला हात लगेच हनुवटीपाशी परत.

ऐकायला सोपे. अंगात उतरेना. मी जेमतेम हलायचो.

"काहून वं मेघे, जेवली नाही का आज?" गिरजाबाई हसली.

"सरानं होती ते ताकदही घालवली," तुलाराम म्हणाला.

त्या संध्याकाळी मेघाने चिडून मला जुन्यासारखे ढकलले. मी गव्हाणीवर. गिरजाबाईने टाळ्या वाजवल्या. मेघाने मला दोन्ही हातांनी धरून थांबवले.

"नाही," ती म्हणाली आणि पुन्हा टाचेपासून सुरुवात केली. धप्. चुकले. धप्.

विश्रांती

धान झोडायचे दिवस आले. गोठ्यासमोर कौशल्याबाई पेंढी उचलून फळीवर आपटत होती.

"आई, तुयी मागची टाच उचलते!"

"मंग? नुसत्या हातानं झोडलं तं खांदा जागेवर राहीन का?"

मेघाने दुसरी पेंढी उचलली. धान संपेपर्यंत ती आईच्या बाजूने हटली नाही.

तिसरी फेरी

चाचणीच्या आदल्या दिवशी तिचा ठोसा आला, तेव्हा मी हललोच नाही. मधोमध दुमडलो. जुनी शिवण उसवली आणि कोंडा तुलारामच्या पायांवर सांडला. गिरजाबाईने वाकून माझी उसवलेली शिवण चाचपली.

दुसऱ्या सकाळी मेघा एसटीने भंडाऱ्याला गेली. दुपारी तुलाराम गोठ्यात आला. त्याने मला खाली उतरवले.

संपले, मला वाटले.

तो बाजूला बसला. सांडलेला कोंडा ओंजळीने माझ्यात परत भरला. मग दाभणात सुतळी ओवली. त्याचे टाके वेडेवाकडे होते, पण पक्के. मला पुन्हा टांगून तो गाठ आवळत होता, तेव्हा फोन वाजला.

"बाबा, निवड झाली!"

"झाली?" त्याने गाठ आणखी एकदा ओढून पाहिली. मग म्हणाला, "ये लवकर. बारदाना टांगलाच आहे."

मित्रांनो, माझ्यासारखा कोणी तुमच्याही घरी लटकत असेल. त्याचे झोके पाहून भुलू नका. मारण्याआधी हातांना पट्टी बांधा, मनगट सांभाळा. आणि तो फाटला, तर निकालाची वाट न पाहता शि – धप् – वा.