ताईची सही राहिली

मी पावाची भट्टी बोलतेय. पोटात राख आहे, आवाज जरा घोगरा येईल, चालवून घ्या.

बाबांनी एकेक वीट रचून मला बांधलं. पहाटे लाकडं पेटवायची, निखारे बाजूला ओढायचे, मग तोंडाशी उघडा हात धरून ताव बघायचा, ही त्यांची रीत. शिकवली तिन्ही मुलांना, साधली एकट्या ताईला. थोरला हात चटकन मागे घ्यायचा, धाकटा हमखास भाजून घ्यायचा. ताई पीठ मळताना उठून नुसती जवळून गेली तरी म्हणायची, "अजून थांबा." पहिला पाव तिघं तिथंच मोडून खायची, माझ्या अंगाला पाठ टेकून. काय दिवस होते ते!

बाबा गेले आणि भावांचं बिनसलं. भट्टी कोणाची, यावरून दोघे कोर्टात गेले. शेवटी वकिलांनी तडजोड घडवून आणली. भट्टी पाडायची, जागा दोघांनी वाटून घ्यायची आणि पाडणं लांबलं तरी यापुढे दोघांपैकी कोणीही भट्टी पेटवायची नाही. मला मिळत नाही ना, मग त्यालाही नको, असा सगळा हिशेब. दोघांनी झोकात सह्या ठोकल्या. ताईला विचारायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. ती काय, घरातलीच.

गवंडी घण घेऊन आला तेव्हा माझी तर गाळणच उडाली. ताई पिठाच्या हातांनी माझ्या तोंडाशी येऊन उभी राहिली.

"तडजोड झालीय, ताई," थोरला म्हणाला.

"तुमची झाली. बाबांची लेक मीही आहे. मी कुठे सही केलीय?"

मग तीही कोर्टाची पायरी चढली. न्यायाधीशांनी कागद खालीवर पाहिला आणि सांगितलं, की तडजोड सही करणाऱ्यांना बांधते. हिचा वाटा हिच्या संमतीवाचून कुणाला मोडता येणार नाही. मी वाचले. भावांनी मात्र लिहून दिलेलं होतं, त्यामुळे मला पेटवायची बंदी त्यांना कायमची राहिली. आपल्याच हातानं पायावर धोंडा मारून घेतला, दुसरं काय!

आता माझ्या छताला भेग गेलीय आणि ताईचे गुडघे कुरकुरतात. गेल्या हिवाळ्यात एका पहाटे धाकटा दाराशी येऊन उभा राहिला. त्याच्या मागे, जरा अंतर राखून, थोरला.

"आम्हाला पेटवता येत नाही," धाकटा हळूच म्हणाला.

"पेटवायचं नाही असं लिहून दिलंयत," ताई म्हणाली. "शेकायचं नाही असं नाही. या आत."

तेव्हापासून दोन म्हाताऱ्या पाठी रोज मला टेकलेल्या असतात. एकमेकांशी बोलणं अजून बेताचंच आहे. मी काही फार टिकायची नाही, ते मला कळतं. मागणं एवढंच आहे, की मला विझवायची वेळ येईल तेव्हा तरी आधी ताईला विचारा.