ठिपक्यातले संचालक

“आजपासून आकाशावर मुरगूडकरांचं राज्य सुरू झालं!” मुरगूडच्या शेतकरी सोसायटीचे चेअरमन हंबीरराव गरजले. माईक बंद होता. त्यामुळं आकाश त्यांना पुन्हा एकदा जिंकावं लागलं.

मांडवाच्या कडेला लॅपटॉप घेऊन बसलेल्या झिशानला आकाशाचं काही पडलेलं नव्हतं. शाहूपुरीतल्या खोलीत वर्षभर खपून त्यानं फवारणीचा ड्रोन बनवला होता. आज तो नीट उडाला तर सोसायटीच्या उसाची फवारणी त्याच्याकडं येणार. नाहीतर सोमवारी पुण्याच्या गोदामात पाळीवर हजर. कोल्हापूर सोडणार नाही, असं त्यानं लग्नाआधी नुजहतला कबूल केलं होतं.

ड्रोन आणि लॅपटॉप यांच्यात रेडिओ एकच, आणि त्याची वाट बांधावरच्या पायवाटेएवढी. उंची, बॅटरी, ठिकाण ही माहिती सुरळीत यावी म्हणून झिशाननं कॅमेऱ्याचं चित्र मुद्दाम धुरकट ठेवलं होतं.

ड्रोन वर गेला. मांडवात लावलेल्या मोठ्या पडद्यावर मांडवच दिसला. संचालक विजयसिंह उठलेच.

“ह्यात मी कुठाय?”

“तो पांढरा ठिपका, साहेब.”

“ठिपका? चौकातल्या फलकावर मी चेअरमनच्या शेजारी असतोय!”

झाली पंचाईत. ज्या गावात वाढदिवसाच्या फलकावर शुभेच्छुकांना जागा पुरत नाही म्हणून वाढदिवसवाल्याला कोपऱ्यात सारतात, तिथं अख्खं संचालक मंडळ ठिपक्यात निघालं होतं.

“चित्र स्वच्छ करून वाढवलं तर बॅटरीच्या आकड्याला वाट उरत न्हाय,” झिशान म्हणाला.

“पावणं, आकड्याला कोण बघतंय?” हंबीरराव म्हणाले. “माणसं दिसली पायजेत. काम पायजे न्हवं तुमास्नी?”

काम पाहिजे होतं. झिशाननं चित्र वाढवलं. विजयसिंहांना मिशी आली. मग मागची रांग ओरडली, “आन् आमी?” सगळे एका चौकटीत मावावेत म्हणून ड्रोन मागं नेऊन विहिरीवर थांबवला, चित्र आणखी वाढवलं. लॅपटॉपवर बॅटरीचा आकडा निम्म्यावर थिजला तो थिजलाच. बंद घड्याळाकडं बघावं तसा झिशान त्याच्याकडं बघत राहिला.

सत्कार सुरू झाले.

“आता उतरवू का?”

“थांबा की! बापूंचा फेटा ऱ्हायलाय.”

बॅटरी संपत आली की खाली उतरायचं, हे झिशाननंच ड्रोनला शिकवलेलं. ड्रोननं ते इमानानं पाळलं. पडद्यावरून मांडव वर सरकला, मग विहिरीचा काठ, पायऱ्या, शेवाळ, शेवाळावरचा बेडूक. सगळं इतकं स्वच्छ, की टाळ्या पडल्या. मग पडदा काळा झाला.

“प्रात्यक्षिक यशस्वी!” हंबीररावांनी जाहीर केलं. “फवारणीचं पुढच्या हंगामाला बघू.”

झिशान दोराला गळ बांधून विहिरीत वाकला होता. हंबीरराव मागं येऊन उभे राहिले.

“वाईट वाटून घिऊ नगा. चित्र मातर लई झ्याक आलं बगा.”

झिशाननं दोर आणखी हातभर खाली सोडला.

“न्हाय म्हणजे, आमच्या घरच्या टीव्हीचं चित्र सारखं तुटतंय. जाताना तेवढं बघून जावा की.”