बोरीवरचे तुडतुडे

दत्तरावांनी फोनवर सोमवारचा जेसीबी ठरवला, तेव्हा सुकेशनी बांधावरच उभी होती.

पेडगावच्या शिवारात दत्तरावांची कपाशी आणि सुकेशनीच्या वडिलांचं सोयाबीन, या दोन रानांच्या मधोमध तो बांध. त्यावर बोरींची दाट रांग. यंदा कपाशीची पानं कडांनी लाल होऊन वाटीसारखी वळायला लागली होती. पान उलटं करावं तर खाली कणीएवढे हिरवे तुडतुडे, बोट लावायच्या आत तिरपे पळणारे. बोरीची फांदी हलवली की तसेच हिरवे तुडतुडे तिथूनही उडायचे. दत्तरावांना आणखी पुरावा नको होता.

“समदी पैदास इथंच हाय,” फोन खिशात घालत ते म्हणाले. “बोरी मुळासकट काढतो. मंग बगू कुठून येतेत.”

“पण काका, कपाशीवरचे आन बोरीवरचे एकच हायेत कशावरून?”

“तू किडींचंच शिकायलीस न्हाई का? तूच सांग. हिरवा हाय, उडतो, रस पितो. आणखी काय पायजे?”

सुकेशनी परभणीला कृषी विद्यापीठात कीटकशास्त्रात एमएस्सी करत होती. तिनं बोरीची एक फांदी वाकवून पान उलटं करून पाहिलं.

“हिरव्या तुडतुड्यांच्या लय जाती हायेत, काका. वरून बगून कळत न्हाई. मी ओळखून सांगते. पण तवर बोरीला हात लावू नका.”

“सोमवारपस्तोर सांग. एकच निघाले तर मात्र मधी बोलायचं न्हाई.”

“न्हाई बोलणार.”

घरी तिचे वडील सिद्धोधन यांनी सगळं ऐकून घेतलं. “निम्मा बांध आपला हाय हे खरं,” ते म्हणाले, “पण झाडांपायी शेजाऱ्याशी वाकडं नको, बाई.”

“भांडायला न्हाई जायले, बाबा. ओळखायला जायले.”

शनिवारी दव वाळल्यावर ती कापडी जाळी घेऊन बांधावर गेली. ओल्या जाळीत तुडतुडे चिकटून चेंगरतात, म्हणून थांबणं भाग होतं. बोरीच्या खालच्या फांद्यांतून तिनं जाळी सपासप फिरवली. काट्यांनी जाळी फाटली, मनगट ओरबाडलं. जाळीच्या तळाशी जमलेले तुडतुडे तिनं नळीनं हवा ओढत बाटलीत घेतले. कपाशीवरचेही वेगळ्या बाटलीत भरले, आणि स्कुटीवरून परभणी गाठली.

तुडतुड्याची जात पक्की ओळखायची तर नर लागतो. नराच्या पोटाच्या टोकाशी, आत, केसाहून बारीक अवयव असतो आणि त्याचा आकार जातीजातीत वेगळा असतो. पोट सोडवून कॉस्टिक पोटॅशच्या गरम पाण्यात ठेवायचं, मांस विरघळलं की सूक्ष्मदर्शकाखाली सुईनं तो अवयव मोकळा करायचा. बोरीवरच्या बाटलीत बहुतेक माद्याच निघाल्या. पहिला नर सुईखाली फुटला. दुसरा नीट उघडला.

तो हुबेहूब कपाशीवरच्या नरासारखा होता.

सुकेशनीनं दोन्ही काचा पुन्हापुन्हा बदलून पाहिल्या. फरक नव्हता. शेजारच्या टेबलावर काम करणारी प्रियांका डोकावली. “झालं ना मग? मिळालं उत्तर.”

“एक नर राहिलाय अजून.”

“एकानं काय होतंय?”

“उघडून तर बघू.”

तिसऱ्या नराचा अवयव टोकाला दुभंगलेला होता. कपाशीवरच्याचा तसा नव्हता. एकाच बाटलीत दोन जाती! सुकेशनी खुर्चीत मागं टेकली आणि सकाळची जाळी मनातल्या मनात पुन्हा फिरवू लागली. बोरीची खालची फांदी, तिच्यात घुसलेलं पेटारीचं झुडूप. पिवळ्या फुलांची, चक्रासारख्या फळांची ती पेटारी बांधावर जागोजागी माजली होती आणि बोरीच्या फांद्यांत कंबरेपर्यंत वाढली होती. जाळी दोन्हींतून गेली होती. पेटारी म्हणजे कपाशीच्याच कुळातली. कपाशीसारखा निघालेला नर तिच्यावरचाही असू शकत होता.

“उद्या परत जायचं,” ती म्हणाली.

रविवारी तिनं आधी बोरीखालची पेटारी दोरीनं बाजूला ओढून बांधली. मग फक्त बोरीच्या वरच्या फांद्यांत जाळी फिरवली. हात पुरेना, तेव्हा ती दगडांवर चढली. पेटारीसाठी जाळी वेगळी, बाटली वेगळी. कपाशीत खुरपणारे दत्तराव तिच्याकडं पाहत राहिले. प्रयोगशाळेत तिनं या वेळी सुई हळू धरली. बोरीवरचा एकेक नर उघडला, सगळे दुभंगलेल्या टोकाचे. पेटारीवरचे सगळे कपाशीसारखे.

दिवेलागणीला ती दत्तरावांच्या ओसरीवर बसली आणि मोबाईलमधले फोटो दाखवू लागली.

“ह्यो कपाशीवरचा. ह्यो बोरीवरचा. टोक बगा.”

दत्तरावांनी चष्मा वर केला, खाली केला. “वेगळा दिसायलाय खरा.”

“आता ह्यो तिसरा, बांधावरच्या पेटारीवरचा.” तिनं फोटो मोठा केला. “ह्यो तुमच्या कपाशीवरचाच हाय, काका.”

“म्हंजे बांधावरूनच यायलेत. माझंच खरं निघालं की!”

“बांधाचं खरं. बोरीचं न्हाई. पेटारी उपटू. मी अन् बाबा येतो उपटायला.”

दत्तरावांनी मोबाईल हातात घेऊन फोटो पुन्हा पाहिले. त्यांच्या पत्नी चतुराबाई चहा घेऊन आल्या, त्याही वाकून फोटो पाहू लागल्या. “अगं बाई, आन परसातल्या भेंडीचं काय? तिचीबी पानं वाकडी झालीत.”

सुकेशनीला हसू आलं. “काकू, भेंडीवर तर हमखास तोच आसंल. पण बगूनच सांगते.”

“हिला आता काहीच बगितल्याबिगर सांगवत न्हाई,” दत्तराव म्हणाले, आणि उद्याचं रद्द करायला त्यांनी जेसीबीवाल्याला फोन लावला.

सोमवारी दोन्ही घरची माणसं बांधावर होती. पेटारीची मुळं खोल गेलेली, कुदळीशिवाय निघेनात. लाल पडलेली पानं काही हिरवी झाली नाहीत, दत्तरावांना एक फवारणी करावीच लागली. पण पुढच्या पंधरवड्यात शेंड्याची नवी पानं सपाट, हिरवी आली.

बोरीवरच्या तुडतुड्याचं नाव मात्र सुकेशनीला अजून सापडलं नव्हतं. विभागातल्या पुस्तकांतल्या एकाही चित्राशी ते दुभंगलेलं टोक जुळत नव्हतं. तिनं फाटलेली जाळी शिवली आणि पुढच्या रविवारी पिंगळी गावाकडच्या बोरींवर तोच तुडतुडा भेटतो का, हे पाहायला निघाली.